घरगुती गॅरेजसाठी वाहन-लिफ्टची निवड : भार, पाया आणि उंची यांचा विचार

सारांश

वाहन जमिनीपासून उचलून त्याच्या तळाशी काम करता यावे यासाठी वापरली जाणारी लिफ्ट एकेकाळी केवळ व्यावसायिक कार्यशाळांत दिसत असे. अमेरिकेसारख्या देशांत ती आता खाजगी घरांच्या गॅरेजमध्येही बसविली जाते. खरेदी करताना ग्राहकाचे लक्ष प्रामुख्याने 'किती वजन उचलते' या आकड्यावर असते. प्रस्तुत लेखात दोन-खांबी, चार-खांबी आणि कात्री या प्रमुख प्रकारांचे कार्यतत्त्व स्पष्ट करून असे दाखविले आहे की, घरगुती वापरात निवडीचा निर्णय उचलक्षमतेपेक्षा खालचे काँक्रीट आणि वरचे छत हेच अधिक करतात. अखेरीस महाराष्ट्रातील निवासी परिस्थितीत या निष्कर्षांचा अर्थ काय होतो, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : वाहन-लिफ्ट, बलाघूर्ण, अँकर बोल्ट, काँक्रीट, गुरुत्वमध्य, यांत्रिक खटका

१. प्रस्तावना

'गॅरेज' हा शब्द मराठीत रुळला तो मुख्यतः वाहनदुरुस्तीचे दुकान या अर्थाने. 'गाडी गॅरेजला दिली आहे' असे म्हणताना घरातील खोली कोणाच्याही मनात येत नाही. अमेरिकेत मात्र या शब्दाचा पहिला अर्थ घराला जोडलेली, वाहन ठेवण्याची बंदिस्त खोली असा आहे. तेथील उपनगरी घरांत ही खोली वाहनतळ, अडगळीची जागा आणि छोटी कार्यशाळा अशी तिहेरी भूमिका बजावते. स्वतःच्या वाहनाचे तेल बदलणे, ब्रेक तपासणे, जुन्या मोटारींची पुनर्बांधणी करणे हा तेथे अनेकांचा छंद आहे. अशा व्यक्तीला जॅक लावून, थंड काँक्रीटवर पाठ टेकून काम करण्याचा कंटाळा आला, की तिचे लक्ष लिफ्टकडे वळते.

येथेच एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. कार्यशाळेत लिफ्ट बसविणारा जाणकार असतो, ती वापरणारे प्रशिक्षित असतात आणि कामगार-सुरक्षेचा कायदा मालकावर बंधन घालतो. घरात यांपैकी काहीच नसते. अमेरिकेचा व्यावसायिक सुरक्षा कायदा नियोक्ता आणि कर्मचारी यांच्या संबंधाला लागू होतो; स्वतःच्या घरात स्वतःच्या मोटारीखाली उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी तपासनीस येत नाही. तो बहुधा एकटाच काम करीत असतो आणि त्याच्या डोक्यावर दीड-दोन टनांचे ओझे असते. म्हणून या निवडीतील चूक केवळ आर्थिक ठरत नाही. खरेदीपूर्वी कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. पार्श्वभूमी आणि कार्यतत्त्व

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांचा सिद्धान्त या यंत्राच्या मुळाशी आहे. त्याच आधारे इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली द्रवचालित दाबयंत्राचे पेटंट घेतले. मोटार उचलण्यासाठी या तत्त्वाचा उपयोग करणारी लिफ्ट अमेरिकेतील मेम्फिस शहरात पीटर लुनाटी यांनी १९२५ च्या सुमारास पुढे आणली. न्हाव्याच्या दुकानातील वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून त्यांना ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. जमिनीत पुरलेला एकच जाड दट्ट्या आणि त्यावर मोटार, असे तिचे आरंभीचे स्वरूप होते. आजच्या घरगुती लिफ्ट मात्र बहुतांशी जमिनीच्या वर उभ्या राहणाऱ्या आहेत.

वजन उचलणे हे या यंत्राचे कठीण काम नव्हे, हे एका साध्या गणिताने समजते. २,००० किलोग्रॅमची मोटार १.८ मीटर उंच नेण्यासाठी सुमारे ३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. हे काम ४५ सेकंदांत करावयाचे असेल, तर सुमारे ७८५ वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीहून किंचित अधिक शक्ती पुरते. तेलाच्या वहनातील आणि घर्षणातील व्यय धरला तरी दोन अश्वशक्तीची मोटर भागते.

खरी कसोटी उचलल्यानंतर सुरू होते. उचललेले ओझे तासन्‌तास, कधी कधी महिनोन्‌महिने वर धरून ठेवावे लागते. तेलाचा दाब हे त्याचे विश्वसनीय साधन नाही, कारण रबरी सील झिजतात, नळ्या जुन्या होतात आणि तेल झिरपते. म्हणून प्रत्येक योग्य लिफ्टमध्ये खांबालगत शिडीच्या पायऱ्यांसारख्या खाचा असतात आणि त्यांत अडकणारे यांत्रिक खटके असतात. मोटार इष्ट उंचीच्या किंचित वर नेऊन पुन्हा खाली आणली, की तिचे ओझे खटक्यांवर विसावते. उचलण्याचे काम तेलाने करावे आणि धरण्याचे काम पोलादाने, हा या यंत्राच्या वापराचा पहिला नियम होय. सर्व खटके एकाच पातळीवर बसल्याची खात्री झाल्याशिवाय कोणीही मोटारीखाली जाऊ नये.

३. प्रमुख प्रकार

३.१ दोन-खांबी लिफ्ट : मोटारीच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब असतो आणि प्रत्येक खांबातून दोन फिरत्या भुजा निघतात. या चार भुजांची टोके मोटारीच्या सांगाड्याखाली ठराविक ठिकाणी टेकतात. चाके मोकळी लोंबत असल्याने ब्रेक, निलंबन, गिअरबॉक्स या सर्वांपर्यंत हात पोहोचतो. दुरुस्तीच्या दृष्टीने हा सर्वांत सोयीचा प्रकार आहे. अमेरिकी बाजारात त्याची नेहमीची क्षमता १०,००० पौंड, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोग्रॅम असते.

३.२ चार-खांबी लिफ्ट : येथे मोटार दोन लांब पट्ट्यांवर चालवत नेली जाते आणि चार कोपऱ्यांतील खांब त्या पट्ट्या उचलतात. मोटार आपल्याच चाकांवर उभी राहते. त्यामुळे दीर्घकाळ साठवण, एकावर एक दोन वाहने ठेवणे, तेलबदल यांसाठी ती उत्तम ठरते. चाके काढावयाची असल्यास मात्र पट्ट्यांच्या मध्ये सरकणारा वेगळा जॅक घ्यावा लागतो.

३.३ कात्री-लिफ्ट : एकमेकांना छेदणारे पोलादी पाय उघडत गेले की वरची चौकट उचलली जाते. मध्यम उंचीच्या प्रकारात ही उचल सुमारे १.२ मीटर असते, तर कमी उंचीच्या प्रकारात साधारण त्याच्या निम्मी. खांब नसल्याने जागा मोकळी राहते आणि काही प्रकार हलविताही येतात. पण मोटारीच्या तळाचा मध्यभाग यंत्राच्याच चौकटीने झाकला जातो.

४. पाया : निर्णायक घटक

दोन-खांबी आणि चार-खांबी लिफ्ट यांतील सर्वांत महत्त्वाचा भेद वर दिसत नाही. तो जमिनीत आहे. चार-खांबी लिफ्टचे ओझे खांबांच्या मधोमध येते आणि सरळ खाली उतरते. दोन-खांबी लिफ्टमध्ये मात्र मोटार खांबांपासून दूर, भुजांच्या टोकांवर असते. बादली हाताशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच येथे आहे. प्रत्येक खांब आतल्या बाजूला कलण्याचा प्रयत्न करतो आणि त्याला रोखण्याचे काम जमिनीतील अँकर बोल्टांवर येते.

एक सोपे उदाहरण घेता येईल. मोटारीचे वजन २,००० किलोग्रॅम आहे, म्हणजे प्रत्येक खांबावर १,००० किलोग्रॅम येते. हा भार खांबाच्या मध्यापासून ०.८ मीटर आत आहे, असे गृहीत धरू. खांबाखालील पोलादी तळपट्टी ०.४ मीटर रुंद असेल, तर तिच्या आतील कडेपासून भाराचे अंतर ०.६ मीटर होते. त्या कडेभोवती सुमारे ५.९ किलोन्यूटन-मीटर इतके बलाघूर्ण निर्माण होते. बाहेरच्या कडेवरील बोल्ट ते ०.४ मीटर अंतरावरून तोलतात असे मानले, तर त्यांवर एकत्रितपणे सुमारे १४.७ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ १,५०० किलोग्रॅम-भाराचा उपटणारा ताण येतो. खांबाचे स्वतःचे वजन हा ताण थोडा कमी करते. तरीही मुद्दा स्पष्ट आहे. खांबावर भार १,००० किलोग्रॅमचा असला, तरी बोल्टांना वर खेचणारा ताण त्याच्या दीडपट असू शकतो. हा ताण बोल्टाच्या पोलादाला सहज पेलतो. प्रश्न त्याला धरून ठेवणाऱ्या काँक्रीटचा असतो.

म्हणूनच दोन-खांबी लिफ्टच्या उत्पादकांच्या सूचनांत काँक्रीटची किमान जाडी आणि मजबुती स्पष्ट दिलेली असते. प्रतिरूपानुसार जाडी साधारणतः ४ ते ६ इंच (सुमारे १०० ते १५० मिलिमीटर) आणि मजबुती दर चौरस इंचाला ३,००० पौंड अशी मागणी आढळते. अमेरिकी घरांच्या गॅरेजमधील काँक्रीट सामान्यतः चार इंचांचे असते. म्हणजे ते उंबरठ्यावर उभे असते किंवा अपुरे पडते. शिवाय कागदावरील चार इंच प्रत्यक्षात सर्वत्र चार इंच असतातच असे नाही. खांबाच्या नियोजित जागी छिद्र पाडून जाडी मोजणे, हाच खात्रीचा मार्ग होय. बोल्ट तडे, सांधे आणि कडा यांपासून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर असावेत. नव्या काँक्रीटला पूर्ण मजबुती येण्यासाठी नेहमीप्रमाणे २८ दिवस द्यावेत. अमेरिकेच्या काही भागांत घराच्या पायातील काँक्रीट ताणलेल्या पोलादी तारांनी बांधलेले असते. तेथे तारांची जागा न शोधता छिद्र पाडल्यास तार तुटून गंभीर अपघात होऊ शकतो.

५. उंची

छताचा प्रश्न साध्या बेरजेचा असला, तरी ती बेरीज खरेदीनंतर केली जाते, ही नेहमीची चूक आहे. मोटारीखाली ताठ उभे राहण्यासाठी तिचा तळ सुमारे १.८ मीटर उंच हवा. तळापासून टपापर्यंतची उंची आणि वरची मोकळी जागा त्यात मिळविली, की सर्वसाधारण मोटारीसाठी सव्वातीन ते साडेतीन मीटर लागतात. दोन खांबांना वरून जोडणारी तुळई असलेल्या प्रकाराचे खांबच साधारण साडेतीन मीटर उंच असतात. जोडणी जमिनीलगत असलेल्या प्रकाराचे खांब ठेंगणे, सुमारे २.८ ते २.९ मीटरचे असतात. पण त्यात टप कोठे थांबवावयाचा याचे भान वापरणाऱ्यालाच ठेवावे लागते.

आता नऊ फूट, म्हणजे २.७४ मीटर छत असलेल्या अमेरिकी गॅरेजचा विचार करू. टपाची उंची १.५ मीटर असलेल्या मोटारीला वर दहा सेंटिमीटर मोकळे ठेवून चाके केवळ १.१४ मीटर उचलता येतात. म्हणजे १.८ मीटर उचलणारी दोन-खांबी लिफ्ट येथे तिच्या मुख्य गुणासह निरुपयोगी ठरते. तिचे खांबही बहुधा मावत नाहीत. त्याच खोलीत सुमारे १.२ मीटर उचलणारी कात्री-लिफ्ट जवळजवळ संपूर्ण उपयोगात येते आणि स्टुलावर बसून काम करता येते. छतालगत सरकणारे गॅरेजचे दार, त्याचे रूळ, दिवे आणि दार उघडणारी मोटर हेही या बेरजेत धरावे लागतात. दोन वाहने एकावर एक ठेवावयाची असल्यास दोन्हींची उंची, पट्टीची जाडी आणि मोकळी जागा एकत्र मोजावी. प्रत्येकी दीड मीटरच्या दोन मोटारींना सुमारे ३.२५ मीटर लागतात.

६. क्षमता आणि गुरुत्वमध्य

पाया आणि छत यांनी प्रकार ठरविल्यानंतरच क्षमतेचा आकडा अर्थपूर्ण होतो. तोही सावधपणे वाचावा लागतो. चार भुजांच्या लिफ्टची नमूद क्षमता चारही भुजांवर समान विभागलेली मानतात. ४,५३६ किलोग्रॅम क्षमतेत प्रत्येक भुजेचा वाटा १,१३४ किलोग्रॅम होतो. समजा ४,१०० किलोग्रॅमचे वाहन उचलताना ६० टक्के भार पुढील दोन भुजांवर आला. तेव्हा त्या प्रत्येक भुजेवर १,२३० किलोग्रॅम येतात. एकूण वजन मर्यादेत असूनही भुजेची मर्यादा ओलांडली जाते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा तोलाचा आहे. वाहनाचा गुरुत्वमध्य चार आधारबिंदूंनी तयार होणाऱ्या चौकोनाच्या आत, शक्यतो मध्याजवळ राहिला पाहिजे. पुढे इंजिन असलेल्या मोटारीचा गुरुत्वमध्य पुढे असतो. पण इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरविला की तो मागे सरकतो आणि मघापर्यंत स्थिर असलेली मोटार मागे झुकू शकते. जड भाग काढण्यापूर्वी वेगळा आधार देणे म्हणूनच आवश्यक असते. भुजा कोठे टेकवाव्यात हे वाहन-उत्पादक ठरवून देतो. विद्युत मोटारींत तळाशी सपाट पसरलेली जड बॅटरी असल्याने हे बिंदू कडांलगत, मोजक्या जागी असतात. तेथे भुजा चुकीच्या जागी लावणे किंवा कात्री-लिफ्टची चौकट बॅटरीवर टेकविणे धोक्याचे व खर्चाचे ठरते.

७. प्रमाणके आणि तपासणी

अमेरिकेत १९४५ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट ही उत्पादकांची संस्था लिफ्टच्या रचना-चाचणीची आणि वापर-तपासणीची राष्ट्रीय प्रमाणके सांभाळते. त्रयस्थ प्रयोगशाळेत चाचणी झालेल्या प्रतिरूपांवर तिचे प्रमाणपत्रदर्शक लेबल असते. युरोपात ईएन १४९३ हे प्रमाणक आहे. विक्रेत्याच्या जाहिरातीतील 'प्रमाणकानुसार निर्मित' हे शब्द आणि प्रत्यक्ष प्रमाणपत्र यांत मोठे अंतर असू शकते. म्हणून नेमक्या त्याच प्रतिरूपाला प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे पाहावे.

अमेरिकी प्रमाणकात जाणकाराकडून किमान वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. घरात ती सक्तीने करविणारे कोणी नसल्याने ही जबाबदारी मालकाने स्वतःवर घ्यावी लागते. पोलादी दोरांचे तुटलेले धागे, बोल्टांची ढिलाई, बोल्टांभोवतीचे काँक्रीटचे तडे, तेलगळती, खटके एकाच वेळी न लागणे आणि भुजांचे अटकाव सैल होणे ही लक्षणे दिसताच वापर थांबविणे इष्ट होय.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील शहरांत ही समस्या दोन रूपांत समोर येते : बंगल्याच्या आवारात हौसेने बसविलेली दुरुस्तीची लिफ्ट आणि गृहनिर्माण संस्थेतील दुमजली वाहनतळाची यंत्रणा.

बंगल्याच्या बाबतीत पहिला अडसर जमिनीचाच असतो. आवारातील शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक यांखाली बहुधा मुरमाची भर आणि पातळ कोबा असतो. अशा थरांत बसविलेला अँकर बोल्ट वस्तुतः कशालाच धरत नाही. काळ्या मातीच्या प्रदेशात ओलाव्यानुसार जमीन फुगते व आक्रसते, त्यामुळे काँक्रीटला तडे जाण्याची शक्यता वाढते. परदेशी पुस्तिकेतील आकडे वाचतानाही काळजी घ्यावी लागते. दर चौरस इंचाला ३,००० पौंड म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०.७ न्यूटन. यावरून 'एम-२०' काँक्रीट पुरेल, असे वाटण्याचा संभव आहे. पण अमेरिकेत मजबुती दंडगोल नमुन्यावर मोजतात आणि भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये ती १५० मिलिमीटरच्या घनावर मोजली जाते. दंडगोलाचे मूल्य घनाच्या सुमारे ०.८ पट येते. त्यामुळे तुल्य दर्जा 'एम-२५' च्या आसपास जातो.

सदनिकांच्या बाबतीत आधी जागा कोणाची, हा प्रश्न येतो. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार 'गॅरेज' म्हणजे छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहनाची जागा. उघडा वाहनतळ त्यात मोडत नाही. त्यापूर्वी २०१० मध्ये नहलचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इमारतीखालील खांबांमधील वाहनतळ हे सदनिकांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९६३ च्या अधिनियमानुसार 'गॅरेज' नसून सामाईक जागेचा भाग आहे, असा निर्णय दिला. अशा जागेत एखाद्या सभासदाने स्वतःच्या मर्जीने बोल्ट ठोकणे अयोग्य होय.

दुसरा प्रश्न स्लॅबचा. तळघरावरील किंवा पोडियमवरील वाहनतळाखाली माती नसून अधांतरी स्लॅब असतो. हलक्या वाहनांच्या तळासाठी आयएस ८७५ मध्ये दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २५५ किलोग्रॅम भार गृहीत धरलेला आहे. साडेबारा चौरस मीटरच्या जागेत १,७०० किलोग्रॅमची दोन वाहने आणि ९०० किलोग्रॅमची लिफ्ट एकत्र आली, तर हा भार सुमारे ३४४ किलोग्रॅमवर जातो आणि तो चार खांबांच्या पायांशी एकवटतो. संरचना अभियंत्याचे लेखी मत घेतल्याखेरीज असे पाऊल उचलू नये.

लिफ्ट नको म्हणून घरीच खड्डा खणण्याची कल्पनाही येथे परिचित आहे, कारण एस.टी. आगारांतील तपासणीचे खड्डे सर्वांनी पाहिलेले असतात. तथापि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साचते आणि एखादी ठिणगी पुरेशी ठरते. वायुवीजनाविना खड्डा हा लिफ्टला सुरक्षित पर्याय नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम जागा कोणाची आणि खाली माती आहे की स्लॅब, हे पाहावे. नंतर काँक्रीटची जाडी व मजबुती तपासावी. त्यानंतर छत, दार आणि वाहन यांच्या उंचीची बेरीज करावी. चौथ्या पायरीवर आपले काम नेमके कोणते, दुरुस्ती की साठवण, हे ठरवावे. क्षमता, प्रमाणपत्र आणि किंमत यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. बाजारातील जाहिरात नेमक्या उलट क्रमाने बोलते आणि बहुतेक चुकांचे मूळ तेथेच आहे.

या क्रमाने गेल्यास जाड काँक्रीट, साडेतीन मीटरांहून अधिक छत आणि नियमित दुरुस्तीची गरज असलेल्यास दोन-खांबी लिफ्ट, साठवणीची गरज आणि पुरेशी उंची असलेल्यास चार-खांबी, तर ठेंगण्या छताखाली कात्री-लिफ्ट योग्य ठरते. वर्षातून दोनदा तेल बदलणाऱ्यास मजबूत जमिनीवर चांगला जॅक आणि त्याच्या जोडीला वजन पेलणारे जॅक-स्टँड पुरेसे असतात. अशा वेळी लिफ्ट न घेणे हीदेखील विचारपूर्वक केलेली निवडच होय. घरात तपासनीस नसतो, म्हणून त्याचे काम खरेदीच्या आधी मोजपट्टीने आणि खरेदीनंतर नित्याच्या तपासणीने मालकालाच करावे लागते.